बिटाला मीठ

नारळाच्या बुडात दरवर्षी ओंजळभर मीठ घालणारी आमची आई, मी जाड्या मिठाचं पोतं गाडीवर टाकलं तेव्हा मात्र दारात आडवी आली. "रान मारतोस काय रे?"

मीठ होतं शुगर बीटसाठी, म्हणजे साखर काढायच्या बिटासाठी. हे पीक मूळचं समुद्रकाठचं. त्याचा रानटी पूर्वज युरोपच्या किनाऱ्यावर अजून उगवतो. मिठातलं सोडियम त्याला मानवतं, पालाशची (पोटॅशची) थोडी गरजही भागवतं. इंग्लंडात हलक्या जमिनीत बिटाला हेक्टरी सुमारे 375 किलो मीठ देतात. म्हणजे गुंठ्याला पावणेचार किलो. आमचं रान निपाणीजवळ, काळं. बहिणीचं खानापूर तालुक्यात, तांबडं, निचऱ्याचं. दोन्हीकडं एक गुंठा मिठाचा, एक बिनमिठाचा. बांधावरनं शेजारचे काका ओरडले, "उप्पु याक री?" म्हणजे, मीठ कशाला हो? सोडियम समजावण्याइतकं माझं कन्नड नाही.

पहिल्यांदा घोळच केला. आज मीठ विस्कटलं, उद्या बी टोकलं. वाढलेलं बीट उसापेक्षा किती तरी जास्त खार सोसतं, पण उगवताना नाही. मिठाच्या गुंठ्यात टक्कल पडल्यासारखी उगवण. मीठ काही आठवडे आधी टाकून खाली मुरू द्यायचं असतं, हे नंतर कळलं. मोडलं आणि दिवाळी झाल्यावर त्याच गुंठ्यांत पुन्हा टोकलं, मीठ न वाढवता.

तांबड्या रानात पाला चांगला भरला. मिठाकडची दहा बिटं बिनमिठाच्या दहांपेक्षा सव्वा किलोनं जड. रसाची गोडी बघायला मीटर मागून आणलं होतं, त्यात ब्रिक्सचा आकडाही एकानं जास्त! मी खूश. कारखान्यात लॅबला असलेला मित्र हसला. "अरे, ब्रिक्स मीटर रसात विरघळलेलं सगळंच मोजतं, तुझं मीठसुद्धा. साखर बघायची तर पोल काढ, म्हणजे रसातली नुसती साखर मोज." वर हेही ऐकवलं, की रसात सोडियम जास्त असलं तर तेवढी साखर दाणा न धरता मळीत जाते. पोल अजून काढलेला नाही. (मीटर परत देताना चहाही मलाच पाजावा लागला.)

काळ्या रानाची गोष्ट वेगळी. सोडियमनं चिकणमातीचे कण सुटे होतात आणि भोकं बुजतात. पाणी दिलं की लगदा, वाळलं की खापरी. बिटं निघाली ती मुठीएवढी, वाकडी.

आता त्या गुंठ्यात सोडियम हटवायला जिप्सम टाकलंय. आई तिकडं फिरकली, की मी मोटर बघायला विहिरीवर जातो.