अलीझेचं पुढचं चाक उतरलं नाही तेव्हा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मी नौदलात अलीझे विमानांच्या देखभालीवर होतो. ब्रेगे कंपनीचं हे फ्रेंच विमान पाणबुड्या शोधण्यासाठी बनवलेलं. आत तिघं जण, पोटाखाली वर-खाली होणारा रडारचा घुमट आणि नाकात रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. हेच डार्ट फोकर आणि अ‍ॅव्ह्रो या प्रवासी विमानांवरही होतं, त्यामुळे त्याची कर्कश शिट्टी त्या काळातल्या बऱ्याच जणांच्या कानात असेल. मार्च १९६१ मध्ये फ्रान्समधल्या इएरला अलीझेंची ३१० स्क्वाड्रन उभी राहिली आणि मग 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून ही विमानं वर्षानुवर्षं उडाली. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक ठेवलेलं आहे.

आमचं विमान त्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या तळावर परतत होतं. मागची दोन चाकं उतरली, पुढचं नाही. वैमानिकाने टॉवरजवळून खालून एक फेरी मारली, आम्ही दुर्बिणीतून पाहिलं. चाकाच्या कप्प्याची दारं उघडी आणि चाक आतच. आपत्कालीन पद्धतीनेही ते हललं नाही. इंधन संपवत विमान घिरट्या घालत राहिलं. मग ते मागच्या दोन चाकांवर टेकलं. नाक जमेल तितका वेळ वर धरून ठेवलं होतं, आणि वेग संपल्यावर ते खाली आलं. पंख्याच्या पात्यांनी धावपट्टी खरवडली. तिघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले. एवढाच अपघात.

पुढच्या चाकाच्या शेवटच्या तपासणीखाली सही माझी होती.

विमानाकडे धावताना आमचे वरिष्ठ, चीफ, ओरडले, "आग नाही ना? मग कशालाही हात लावू नका!" बॅटरी तेवढी तोडली. कॉकपिटमधला प्रत्येक स्विच, प्रत्येक लिव्हर कुठे आहे ते आधी लिहून काढलं, फोटो घेतले. इंधन, इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिक तेलाचे नमुने बाटल्यांत भरून सील केले. फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, आणि विमानाची सगळी लॉगबुकं त्याच रात्री कुलपात गेली. त्यानंतरच नाकाखाली हवेच्या पिशव्या सरकवून विमान उचललं. त्याआधी मागच्या चाकांत लॉकपिना घातल्या, नाहीतर उचलताना तीही मिटण्याचा धोका होता.

पाती मागे वाकली होती. इंजिन जोरात असताना पातं जमिनीला लागलं तर टोकं बहुधा पुढे वळतात, मागे वाकली तर ताकद नव्हती असं समजायचं. म्हणजे वैमानिकाने इंजिन वेळेत बंद केलं होतं, आणि त्याच्या जबाबाआधीच पात्यांनी ते सांगितलं. तरी इंजिन उतरवावंच लागलं. डार्टमध्ये पंखा, गिअर आणि कॉम्प्रेसर एकाच साखळीत जोडलेले असतात. पात्याला बसलेला हिसका थेट आतपर्यंत पोहोचतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मग बोर्ड ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अपघाताची अधिकृत चौकशी. झोप उडाली होती, खोटं कशाला सांगू. चीफनी एकच सांगितलं, "पाहिलंस तेवढं सांग. अंदाज सांगू नकोस." हा सल्ला मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला दिला.

समोर अधिकारी, मधे टेबलावर माझीच सही असलेलं पान. टॉर्च कोणता होता, कप्प्यात डोकं कुठून घातलं, कोण सोबत होतं, आधी काय पाहिलं आणि नंतर काय. एका प्रश्नाला मी म्हणालो, "आठवत नाही, सर." ते तसंच लिहिलं गेलं, कोणी आवाज चढवला नाही. तिथे माझी भीती ओसरली. ते माणूस शोधत नव्हते, कारण शोधत होते. जबाब मला वाचून दाखवला, एका ठिकाणी 'केले' होतं ते माझ्या सांगण्यावरून 'पाहिले' असं बदललं आणि मग मी सही केली.

कारण सापडलं ते चाक वर धरून ठेवणाऱ्या हुकात. तो सोडवून डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरांत शिरून त्या दाखवणारा रंग, लावल्यावर आतल्या वळणावर लाल रेघ उमटली. धातूच्या थकव्याने पडलेली बारीक चीर. तिच्यामुळे हूक वाकला होता आणि चाकाचा रोलर त्यात आडवा अडकला होता. हूक विमानात बसवलेला असताना ती जागा टॉर्चने दिसणं शक्यच नव्हतं, आणि आमच्या तपासणीच्या कार्डावर तर फक्त नजरेने पाहायचं लिहिलेलं होतं.

माझ्यावर काही ठपका आला नाही. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यानंतर आलेलं पत्र: सगळ्या विमानांचे हूक काढून डायने तपासा. त्या कामावर मीही होतो. हँगरमध्ये रांगेत उभ्या असलेल्या आणखी एका विमानाच्या हुकावर, त्याच वळणावर, तशीच रेघ निघाली. ते विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं.