मीनाक्षी शिरोडकर म्हटलं की स्विमसूटच का आठवतो?

शिल्पा शिरोडकर बिग बॉसच्या घरात होती तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तिच्या आजीचा, म्हणजे जुन्या मराठी सिनेमातल्या मीनाक्षी शिरोडकरांचा फोटो फिरवला, तोच तो, स्विमसूट आणि वेण्या, आणि खाली 'आपली १९३८ ची बिकिनी गर्ल' वगैरे. आता ती बिकिनी नव्हेच मुळी, साधा पोहण्याचा कॉस्च्युम तो, आज पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर कुणी घालून फिरलं तर शेंगदाणेवालासुद्धा मान वर करणार नाही. पण नव्वद वर्षं होत आली तरी बाईंचं नाव काढलं की गाडी त्या कॉस्च्युमपाशीच येऊन थांबते. मला याचाच राग येतो, कारण तो फोटो ज्यातला, तो 'ब्रह्मचारी' सिनेमा पूर्ण बघितलेली माणसं फार थोडी आणि तो फोटो बघितलेली सगळीच.

मूळ नाव रतन पेडणेकर, जन्म १९१६ चा. पेडणेकर काय, शिरोडकर काय, आडनावं ऐकून गोव्याचा माणूस लगेच 'आमचीच गो ती' म्हणायला मोकळा! गाणं शिकलेल्या, सिनेमाच्या आधी रेडिओवर काम केलेलं, १९३६ मध्ये डॉक्टर शिरोडकरांशी लग्न. म्हणजे दोन वर्षांनी पडद्यावर पाण्यात उतरली ती कुणी घरातून पळून आलेली पोर नव्हती, डॉक्टरांची बायको होती. त्या काळात हे किती अवघड असेल बघा. चांगल्या घरातल्या बायका सिनेमात यायला नुकत्याच लागल्या होत्या, दुर्गाबाई खोटे आल्या त्यालाच सहा-सात वर्षं झालेली, आणि त्यांनाही लोकांनी काय कमी बोललं नव्हतं.

सिनेमा हंस पिक्चर्सचा, लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शन आणि हिरो मास्टर विनायक. त्यातला औदुंबर देशभक्ती आणि ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार भाषण ऐकतो आणि घरी येऊन आधी काय करतो तर नट्यांचे जमवलेले फोटो फेकून देतो. मला हा प्रसंग भारी आवडतो, कारण वैराग्य आलं की माणूस पहिल्यांदा भिंत साफ करतो, डोकं नाही. मग तो आश्रमात जातो आणि तिथे किशोरी, म्हणजे मीनाक्षीबाई, त्याच्या व्रताचे तीन तेरा वाजवते. 'यमुनाजळी खेळू खेळ' हे गाणं इथलंच, आणि ते त्यांनी स्वतः गायलंय, पाण्यात ती आणि हिच्याकडे बघू की नको अशा अवस्थेतला हा. नीट ऐका, आवाजात लाडीकपणा आहे पण लाचारी कुठेच नाही, मजा घेतेय ती.

लोक कॉस्च्युमबद्दल बोलतात आणि हे राहून जातं, की अख्ख्या गोष्टीत हसं होतं ते पुरुषाचं. पोरगी पुढाकार घेते, त्याला चिडवते, आणि म्हणून तिला शेवटी विष प्यायला लावत नाहीत की पश्चात्तापाचे अश्रू ढाळायला लावत नाहीत. पुढच्या कित्येक वर्षांच्या सिनेमात असली बाई आली की ती खलनायिका, सिगरेट ओढणारी, शेवटच्या रिळात गोळी खाणारी. ३८ सालची किशोरी हिरोईन आहे!

आता एक खटकणारी गोष्ट पण सांगते. चावट लिहिलं अत्र्यांनी, पण लेखकाला आपण 'विनोदी' म्हणतो आणि नटीला 'धाडसी', आणि धाडसी म्हणताना आवाज जरा बदलतो. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मे वेस्ट नावाची नटी होती, तिने आपलं नाटक आपणच लिहिलं, १९२६ ला 'सेक्स' असं सरळ नाव देऊन ब्रॉडवेवर लावलं, पुढच्या वर्षी पोलिसांनी धरलं, दहा दिवसांची शिक्षा झाली, आठ दिवसांत सुटली आणि त्या सगळ्याची अशी जाहिरात झाली की विचारू नका. १९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉरशिप कडक झाली तेव्हा सिनेमातले तिचे संवाद कापले जायला लागले. पण कापले गेले ते तिचे स्वतःचे. मीनाक्षीबाईंच्या वाट्याला दुसऱ्याचे शब्द आले, लोकांची बोलणी मात्र त्यांनाच खावी लागली. अर्थात शब्द कुणाचे का असेनात, ते तसे म्हणायला बाईच लागली, दुसरी कुणी असती तर ते नुसतं पांचट झालं असतं.

आमच्याकडे गोव्यात जत्रेच्या नाटकाला बाहेरून नटी आणायची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. गावातले पुरुष दोन-दोन महिने देवळाच्या मंडपात तालमी करायचे आणि नटी यायची नाटकाच्या दिवशी दुपारच्या बसने, हातात एक बॅग, चहा पिता पिता एक तालीम, बस्स. आमच्या मावशीने बघितलंय, रंगात आलेला हिरो भर लव्हसीनमध्ये वाक्य विसरला आणि त्या बाईने पदराआडून त्याचं वाक्य त्याला सांगितलं, वर आपलं वाक्य घेऊन टाळी पण घेतली. रात्री तिचं गाणं वन्समोअर, आणि सकाळी तिला जेवायला कुणाच्या घरी बसवायचं यावर कुजबुज. मावशीला मी मीनाक्षीबाईंचं 'यमुनाजळी' फोनवर दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "हिचो घोव दोतोर (हिचा नवरा डॉक्टर), म्हणून नाव तरी उरलं."

बोलणं कडू आहे पण खोटं नाही. त्या नटी गावोगाव तेच करत होत्या, लोकांना हसवता हसवता थोडं लाजवत होत्या, आणि आज गावच्या नाटकांचे फोटो काढून बघा, खाली सगळ्या पुरुषांची नावं आणि मधल्या बाईखाली नुसतं 'नटी'.

मीनाक्षीबाई १९९७ ला गेल्या, त्याआधी नात नम्रता १९९३ ची मिस इंडिया झाली, शिल्पा हिंदीत आली. मिस इंडियातही स्विमसूट राउंड होताच, पण नम्रताचं नाव काढलं की गाडी तिथे थांबत नाही. बघायचं असेल तर ती क्लिप नको, सिनेमा शोधून पहिल्यापासून बघा. प्रिंट वाईट आहे, आवाज मध्येच खरखरतो, मधला काही भाग लांबलाय, तरी बघा. आणि विनायकचं तोंड बघा, बाईंकडे तर सगळेच बघतात.