इझार फुटला! (७० मिमी, मुलुंडची गच्ची)

मंडळी, इझार फुटला, म्हणजे भूतप मंडळातला हा जोडतारा दुर्बिणीत एकदाचा दोन वेगळे तारे म्हणून दिसला. मागच्या अपडेटमध्ये ज्याच्या नावाने बोटं मोडली होती, तोच. आणि फोडला कशाने, तर ग्रहांसाठी घेऊन डब्यात पडून राहिलेल्या ८०ए निळ्या फिल्टरने.

जोडताऱ्यांच्या यादीतलं बाकीचं आधी उरकतो. कोर कॅरोली आणि मिझार २५ मिमीच्या आयपीसमध्येच (डोळ्याजवळच्या भिंगात) सुटले. अल्जीबा १० मिमीत स्वच्छ, दोन्ही पिवळे. पोरिमाचे दोघे इतके सारखे की मुख्य कोण नि जोडीदार कोण, ते यादीत बघूनच कळावं.

आता इझार. दोन ताऱ्यांमधलं अंतर साधारण २.८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), माझ्या ७०/९००ची (७० मिमी भिंग, ९०० मिमी फोकल लांबी) डॉज मर्यादा, म्हणजे दुर्बीण वेगळं दाखवू शकेल असं सर्वांत कमी अंतर, १.६६. कागदावर म्हणजे हातचा मळ! पण मुख्य ताऱ्यापेक्षा जोडीदार दोन प्रतींहून (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) जास्त मंद. त्यात ७० मिमीत पहिलं विवर्तन कडं (ताऱ्याभोवती दिसणारं प्रकाशाचं वलय) २.६५च्या आसपास पडतं, म्हणजे पठ्ठ्या नेमका कड्यावरच बसलेला. हवा जरा हलली की कडं तुटतं आणि प्रत्येक तुकडा जोडीदार वाटतो. ८० मिमीवाल्यांनो, तुमचं कडं २.३ला येतं, तेव्हा फार मिरवू नका. जोडताऱ्यांचा अभ्यासक स्ट्रूव्ह याने या जोडीला ‘सर्वांत देखणी’ म्हटलं खरं, पण त्याच्या हाताशी डॉर्पाट वेधशाळेची २४ सेंमीची फ्राउनहोफर दुर्बीण होती.

आकाशातल्या उजेडाचा इथे काहीच त्रास नाही. मेमधली दमट, धुरकट हवा उलट स्थिर असते. अंधारं आकाश लागणाऱ्या दीर्घिकावाल्यांनी खुशाल वांगणी गाठावी. खरी वैरीण म्हणजे दिवसभर तापलेली स्लॅब आणि खालच्या एसींची आउटडोअर युनिट्स. त्यामुळे स्टँड पाण्याच्या टाकीपलीकडे हलवला. मागच्या वेळी बार्लो (मोठेपणा वाढवणारं जादा भिंग) सुचवणाऱ्यांचे आभार, पण दुर्बिणीबरोबर फुकट येणारा प्लास्टिकचा बार्लो भंगारातच द्यावा. ६ मिमीचा ऑर्थो आयपीस, १५० पट मोठेपणा, बास.

फिल्टरमागचं गणित असं: निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून कडं आक्रसून २.२च्या जवळ येतं. मुख्य तारा नारिंगी, तो जास्त मंदावतो. जोडीदार निळसर पांढरा, त्याला कमी झळ बसते. फिल्टर लावल्यावर फोकस पुन्हा करावाच लागतो, नाहीतर अ‍ॅक्रोमॅट (माझी दोन भिंगं जोडलेली दुर्बीण) नुसता निळा गोळा दाखवते. आणि मग कड्याच्या बाहेर, मध्ये बारीक काळी फट ठेवून, एक टोचल्यासारखा ठिपका. तारा नजरेच्या क्षेत्रातून सरकू दिला, तो पश्चिमेकडे सरकतो. ठिपका सरकण्याच्या दिशेला जवळजवळ काटकोनात, किंचित पुढे. म्हणजे वायव्येपेक्षा उत्तरेला जवळ, यादीतल्या पोझिशन अँगलशी (जोडीदार कोणत्या दिशेला आहे तो कोन) जुळणारा. नोंद पक्की! ओरडलोच, खालून वॉचमनने टॉर्च मारला.

एक सूचना: इझार मध्यावर आला की खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम आठ अंशांवर असतो, नळी स्टँडच्या पायाला धडकते. पूर्वेला ६० अंशांवर असतानाच धरा.

पुढचा नंबर एप्सिलॉन लायरीचा लावणार होतो, पण हे लिहिताना नकाशा उघडला आणि बेत बदलला. अल्फा सेंटॉरीचं विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) इझारच्या जवळपास तेच! म्हणजे इझार डोक्यावर असतो तेव्हा ती दक्षिणेला, क्षितिजापासून फक्त दहा अंश वर. १६८९मध्ये फादर रिशो यांनी ती जोडी असल्याचं पाहिलं ते आपल्याच पुद्दुचेरीहून. आपल्या यादीत ती नसावी हे काही बरं नाही. इतक्या खाली तारा रंगीत रेघ होणार, तेव्हा या वेळी हिरवा फिल्टर. माझ्या दक्षिणेला टॉवर आहेत. कुलाबा-कफ परेडकडे कोणाची दक्षिण उघडी असलेली गच्ची आहे का? पावसाआधीच जमवायला हवं.