दिवेआगरच्या सुरूच्या झाडावर अँटेनाची दोरी टाकायची असेल तर आधी हे वाचा

हॅम रेडिओ (हौशी लोकांचा, दोन्ही बाजूंनी बोलायचा रेडिओ) घेऊन दिवेआगरला जायचं खूप दिवस डोक्यात होतं, जाऊन आलो, हात अजून दुखतायत पण जाम खुश आहे. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता, मुंबईकरांना आगरदांडा ते दिघी फेरी. रस्ता, राहणं, जेवण सगळं मस्त, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते अँटेनाची तार झाडावर चढवायच्या दोरीबद्दल, कारण त्याबाबतीत सगळे जण चुकीचं सांगतात.

सगळे म्हणतात वजन बांधा, फेका, पाच मिनिटांत तार वर. आणि जे व्हिडिओ दाखवतात ते परदेशातले, थंडीत पानं झडलेल्या उघड्याबोडक्या झाडांचे. सुरू बारा महिने हिरवा, त्याच्या त्या सुया, बारीक लोंबत्या काड्या आणि खरबरीत बोंडं, यातून दोरी वर जाते हो, गलोलीने आरामात जाते. प्रश्न वजन खाली यायचा आहे. ते कोणीच सांगत नाही.

40 ग्रॅमचं शिसं आणि तंगूस (मासेमारीचा बारीक नायलॉनचा धागा), हेच सगळीकडे सुचवतात. फांदीवरून पलीकडे गेलं की शिसं पाच-सहा मीटरवर लटकून राहतं, कारण तंगूस काड्यांमध्ये घासत असतो आणि तेवढ्या वजनाला तो ओढवत नाही. मग आपण ओढतो, शिसं झोका घेतं, एखाद्या काडीभोवती तीन गिरक्या मारतं आणि संपलं. माझी अख्खी सकाळ यात गेली. शेवटी लांबुळकं गुळगुळीत 100 ग्रॅमचं शिसं लावलं, मध्ये मासेमारीचा स्विव्हल (गोल फिरणारी कडी) टाकला म्हणजे पीळ पडत नाही, आणि अडकलं की ओढायच्या ऐवजी तंगूस ढिला सोडून हलके झटके दिले, की टप्प्याटप्प्याने उतरत आलं. जमिनीला टेकलं तेव्हा मी खरंच ओरडलो.

100 ग्रॅमला गलोलीचं रबर जाड लागतं, लहान मुलांची गलोल नेऊ नका. तंगूस वाळूवर मोकळा सोडायचा नाही, त्याचा गुंता सुटत नाही, गळाचा साधा स्पिनिंग रीळ काठीला बांधा आणि त्यातून सुटू द्या. रंग भडक केशरी किंवा पिवळा, पारदर्शक तंगूस वर दिसतच नाही.

आणि कृपा करून अडकलेलं वजन समोर उभं राहून जोरात खेचू नका. तंगूस ताणला जातो, सुटला की शिसं थेट तोंडावर येतं. काठीला गुंडाळा, बाजूला व्हा, झाडाकडे पाठ करून चालत जा, तुटलं तर तुटू दे, नवीन शिसं घ्या. हेल्मेट असेल तर घालाच. हातमोजे तर हवेतच, तंगूस बोट कापतो.

वेळ महत्त्वाची. थंडीत सकाळी मतलई वारा पडत आला की मधे एक शांत वेळ मिळते, तेव्हाच काम उरका. दुपारी खारा वारा सुटला की सोडून द्या, तंगूस भलत्याच झाडावर जातो.

आता पैशाचं. ऑनलाईन 'झाडावर दोरी टाकायचा किट' म्हणून जे विकतात त्याला मी तीन हजार मोजले, आत एक वाळूची पिशवी आणि दोरी. पिशवी हाताने फेकायची, दाट सुरूत ती दहा मीटरही जात नाही. अजिबात घेऊ नका. आणि गावात एकाने चढून दोरी बांधायचे आठशे मागितले, एका झाडाचे. पैसे जाऊ दे, पण सुरूवर कोणाला चढवूच नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरची किती सुरूची झाडं आडवी झाली, उभी राहिलेल्यांपैकी कितीतरींच्या फांद्या मोडलेल्या किंवा वाळलेल्या. दोरी टाकतानाही हिरवी, बुंध्याजवळची फांदी बघूनच टाका.

उंचीचा हट्ट सोडा. शेंड्यावरून टाकायच्या नादात जास्त अडकतं. 40 मीटर बँडला (7 मेगाहर्ट्झ) साधारण 20 मीटर तार लागते, ती 10-12 मीटरवर असली तरी महाराष्ट्रभर गप्पा छान होतात, आणि 14 मेगाहर्ट्झला तेवढी उंची म्हणजे अर्धी तरंगलांबी, लांबच्यांसाठी पुरेशी. मला संध्याकाळी युरोप असा स्वच्छ आला की पुण्यातल्या गच्चीवरच्या खरखरीची सवय झालेल्या कानांना विश्वास बसेना.

तंगूस खाली आला की त्याने आधी गवंड्याची नायलॉन दोरी ओढा, मग तिने जाड दोरी. एकदम जाड बांधलीत तर फांदीच्या बेचक्यात गाठ अडकणार. गाठ लहान ठेवा, वरून टेप गुंडाळा, निमुळती करा. तारेच्या टोकाचा इन्सुलेटर सुयांपासून मीटरभर लांब, ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज भरपूर असतं, पोरं खेळत असतील तर टोक हाताला लागेल इतकं खाली नको. दोरीचं दुसरं टोक बुंध्याला घट्ट बांधू नका, पाण्याची अर्धी भरलेली बाटली लटकवा, झाड डोललं की बाटली वरखाली होते आणि तार तुटत नाही. विजेच्या तारा जवळपास असतील ते झाड कितीही चांगलं दिसलं तरी नाही म्हणजे नाही.

उतरवताना सगळ्या गाठी आणि टेप सोडा, मोकळं टोक वर जाऊ द्या आणि दुसऱ्या बाजूने सावकाश ओढा. तंगूसाचे तुकडे गोळा करून आणा, तिथे पक्षी असतात आणि त्यांचे पाय अडकतात.