त्याच्या वडिलांना पाहिलं नाहीत तुम्ही

नव्या पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत दिवसभर बायोडाटे टाइप करते. वर्ण गोरा, उंची पाच-आठ, निर्व्यसनी, मनमिळाऊ. माणसं वेगळी, शब्द तेच. म्हणूनच जुन्या चिनी लोकांनी देखण्या माणसांबद्दल काय काय म्हणून ठेवलंय ते वाचलं आणि हरखून गेले.

पाचव्या शतकातल्या लिऊ यीछिंगच्या नावावर 'शिशुओ शिनयू' हा किश्श्यांचा संग्रह आहे. त्यात माणसाच्या रूपावर आणि चालण्या-वागण्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्यातला जी कांग माझा सगळ्यात लाडका. त्याचा मित्र शान ताओ म्हणतो, हा म्हणजे एकटा ताठ उभा असलेला पाइन वृक्ष, आणि दारू चढली की जेडचा, म्हणजे हिरवट मौल्यवान दगडाचा, डोंगर आता कोसळतोय असा झुकतो. नाक कसं, रंग कोणता, काही नाही. नुसतं उभं राहणं! हा जी कांग कवी, छिन हे तंतुवाद्य वाजवणारा, आणि झाडाखाली लोखंड ठोकत बसणारा. भाता मारायला मित्र श्यांग श्यू. पुढे राज्यकर्त्यांनी त्याला मृत्युदंड दिला, तेव्हा त्यानं छिन मागून घेतलं आणि शेवटची धून वाजवली.

त्याच्या मुलाबद्दल कुणीतरी म्हणालं, कोंबड्यांत सारस उभा असावा तसा दिसतो. त्यावर जी कांगचा मित्र वांग रोंग याचं उत्तर: "त्याच्या वडिलांना पाहिलं नाहीत तुम्ही." एवढ्यात बाप-लेक दोघंही डोळ्यांपुढे येतात.

आपल्याकडेही असं बोलणारी माणसं आहेत की. अशोक चौकातल्या एका मावशींना विचारलं, "अजून काय लिहू?" म्हणाल्या, "ताई, माझा पोरगा मागापाशी उभारला की नुसत्या आवाजावरनं सांगतो, कुठला माग बिघडणार ते." मी ते जसंच्या तसं टाइप केलं. गोऱ्या वर्णापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं, असं मला मनापासून वाटतं.

चीनमध्ये देखणेपणाचं दुसरं नाव म्हणजे पान आन. तो रस्त्यानं निघाला की बायका त्याच्या गाडीत फळं टाकायच्या, गाडी भरून जायची. त्याच काळातला त्सुओ स दिसायला कुरूप. तो तसाच मिरवायला निघाला तर बायका त्याच्यावर थुंकल्या. पण त्यानं तीन राजधान्यांवर दीर्घकाव्य लिहिलं आणि ते उतरवून घ्यायला अशी झुंबड उडाली की तेव्हाच्या राजधानीत, लोयांगमध्ये, कागदाचे भाव चढले. माझं पोट कागदाच्या रिमांवर, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची. पुस्तक हातोहात खपलं की चिनी माणूस आजही म्हणतो, लोयांगात कागद महागला.