विम्याच्या तारखेचा एक दिवस

मी तेव्हा भोसरीकडच्या एका ब्रांचला एक्स्पोर्टची बिलं बघायचे. 24 ऑक्टोबर 2008, शुक्रवार, मंगळवारी लक्ष्मीपूजन. त्या दिवशी सेन्सेक्स हजाराच्या वर पॉइंटनी आपटून 8,700 ला आला होता, ब्रांचमधे सगळे तेच बोलत होते, पण माझं सगळं लक्ष एका बिलात अडकलेलं.

बिल होतं एमआयडीसीतल्या एका काकांचं. छोटं वर्कशॉप, लेथ आणि दोन सीएनसी, 34 माणसं, अमेरिकेतल्या ट्रकच्या अ‍ॅक्सलला लागणारे पार्ट बनवायचे. सप्टेंबरमधे त्यांनी एलसीवर, म्हणजे कागद नियमात बसले तर पैसे द्यायच्या खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर, 60,000 डॉलरचा माल पाठवला. न्हावाशेव्याला कंटेनर जहाजावर चढला 14 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशी आणि वर रविवार, विमावाल्याचं ऑफिस बंद, त्यामुळे इन्शुरन्स सर्टिफिकेटवर तारीख पडली 15. एलसीच्या नियमात विम्याची तारीख माल चढल्यानंतरची चालत नाही. मला ते दिसलं होतं. पण अशा डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतल्या चुका, तेव्हा बऱ्याच बिलांत असायच्या आणि समोरची पार्टी, म्हणजे तिकडचा खरेदीदार, दोन दिवसांत अ‍ॅक्सेप्ट करून टाकायची, म्हणून नेहमीसारखं काकांकडून अंडरटेकिंग, म्हणजे पैसे आले नाहीत तर परत करीन असं लेखी, घेतलं आणि 46 च्या आसपासच्या रेटने पैसे त्यांच्या खात्यात टाकले.

त्याच 15 तारखेला तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर बँकाच एकमेकींना डॉलर देईनात. तीन महिन्यांचा लायबॉर, म्हणजे बँका एकमेकींना डॉलर द्यायच्या तो दर, ज्यावर आमचं डॉलरचं व्याज ठरायचं, सप्टेंबरच्या सुरुवातीला 2.8 टक्के होता तो महिन्याभरात 4.8 वर गेला. ऑक्टोबर लागला आणि तिकडच्या बँकेचं स्विफ्ट, म्हणजे बँकाबँकांतला मेसेज, आलं, डॉक्युमेंट रिफ्यूज्ड. कारण एका ओळीत, विम्याची तारीख. काकांनी किती फोन केले, पार्टी उचलेना, मग कुणाकडून तरी कळलं की ट्रकवाल्यांनी ऑर्डरी थांबवल्यात, पार्टीच्या बँकेने तिची कर्जाची लिमिट कापलीय आणि गोडाऊनमधे आधीचाच माल पडून आहे. पैसे द्यायचेच नसतील तर एका दिवसाचा फरक पुरतो.

शुक्रवारी सकाळी रीजनल ऑफिसचा फोन आला की बिल आजच्या आज रिव्हर्स करा, म्हणजे दिलेले पैसे काकांच्या खात्यातून परत घ्या. डॉलर तोवर 50 ला टेकलेला. रुपया पडला की एक्स्पोर्टवाल्याची चांदी असं म्हणतात, पण काकांना आम्ही दिले होते 27 लाख 60 हजार आणि त्या दिवशीच्या रेटने वसूल करायचे होते 30 लाख, वर व्याज. मी डेबिटचं व्हाउचर लिहीत होते तेवढ्यात काका स्वतःच आले, हातात बोनसची यादी, 34 नावं, सगळ्यांची खाती आमच्याच ब्रांचला.

मी त्यांना बसवून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, तिकडं कुणी घराचे हप्ते भरले नाहीत असं पेपरात वाचतोय, त्याचा माझ्या पोरांशी काय संबंध?" मी त्यांना स्लिपच्या मागे लिहून दाखवलं, 2003 मधे तिथे फेडचा, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, व्याजदर 1 टक्का होता तेव्हा ऐपत न बघता लोन वाटली, 2006 पर्यंत तोच दर सव्वापाच झाला, हप्ते वाढले, घरांच्या किमती पडल्या, आणि त्या लोनचे कागद गठ्ठे करून जगभरच्या बँकांना विकलेले, कुणाकडे किती सडके आहेत ते कुणालाच माहीत नाही, म्हणून कुणीच कुणाला पैसे देत नाहीये. त्यांनी स्लिप घडी करून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "बोनस तेवढा जाऊ द्या."

डेबिट आधी पडलं असतं तर काकांच्या सीसीत, म्हणजे धंद्याच्या कर्जखात्यात, बोनसला एक रुपया उरत नव्हता. मी मॅनेजर सरांकडे गेले. सरांनी रीजनलला फोन लावला, अर्धा तास वाद घातला, आवाज चढवून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी सोमवारपर्यंत मुदत मिळाली. मी 34 नावं एकेक करून पोस्ट केली, शेवटची एंट्री झाली तेव्हा साडेसहा वाजले होते आणि काका तोवर बाकावर बसून होते. त्या सरांबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

सोमवारी डेबिट टाकलं. माल पार्टीने नोव्हेंबरमधे उचलला, पण 30 टक्के भाव पाडून, आणि पोर्टचं डेमरेज, म्हणजे माल तिथे पडून राहिल्याचा दंड, काकांच्या माथी. डिसेंबरमधे सरकारने एक्साइज, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या मालावरची ड्यूटी, 4 टक्क्यांनी कमी केली तेव्हा काकांची रात्रपाळी आधीच बंद झालेली, त्या सवलतीचा फायदा घ्यायला त्यांच्या हातात कामच नव्हतं. त्याच आठवड्यात यादीतल्या तिघांनी मुदतीआधी आरडी मोडली. एक जण लातूरकडचा, विशी-बावीशीचा, फॉर्मवर सही करता करता त्याने विचारलं, "मॅडम, खातं चालू ठेवलं तर चालेल ना? काम निघालं की परत येणारे मी."

मी मिनिमम बॅलन्स तेवढा ठेवायला सांगितला. त्याने 500 रुपये मोजून परत काउंटरवर ठेवले.