अण्णांचा ‘माइल्ड’ अटॅक

दोन वर्षांपूर्वी मामाला अटॅक आला तेव्हा सगळं घर हादरलं होतं. छातीवर जातं ठेवल्यासारखं दुखणं, घामानं बनियन पिळून काढावं अशी अवस्था. ईसीजी बघताच ‘मेजर’ म्हणून थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात त्या खोलीत, नेलं आणि दुखायला लागल्यापासून दीड तासात स्टेंट बसलासुद्धा.

अण्णांचं तसं काहीच नव्हतं. दोन दिवस जेवणानंतर जळजळ, जिना चढताना दम. आम्ही पित्त समजलो, जवळच्या दवाखान्यातूनही पित्ताच्याच गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून पलंगावर बसले ते त्यांना उठवेना, तेव्हा सांगलीला नेलं. ईसीजीत मामासारखी वर उचललेली रेघ नव्हती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन थोडं वाढलेलं होतं, तीन तासांनी पुन्हा तपासलं तर कितीतरी पट. फाइलवर ‘एनस्टेमी’, म्हणजे रेघ न उचललेला अटॅक, असं लिहिलं गेलं. नातेवाइकांत फोनाफोनी होता होता त्याचं ‘माइल्ड अटॅक’ झालं आणि आम्हीही निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. पंपिंग ३५ टक्के. मामाचं घरी सोडताना ५५ होतं.

आई निवृत्त शिक्षिका. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, “पस्तीस म्हणजे काठावर पास.” डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. हे मार्क शंभरापैकी नसतात म्हणाले. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं.

मी विचारलं, “मग मेजर कुणाचा?” त्यांनी केसपेपरच्या मागे तीन रक्तवाहिन्या काढल्या. आमची उसाची शेती आहे हे त्यांना ठाऊक होतं. “पाटाच्या तोंडाशी पाणी अडलं तर सगळं रान वाळतं, शेवटच्या सरीला अडलं तर तेवढीच सरी. आणि किती वेळ अडलं तेही बघायचं.” मामाची उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती, पण लगेच उघडल्यामुळे स्नायू वाचला. रेघ उचललेली दिसली की एवढी घाई करतात ती त्यासाठीच. अण्णांची एकही पूर्ण बंद नव्हती, पण तिन्ही अरुंद झालेल्या, आणि अडीच-तीन दिवस हृदयाला रक्त कमी पडत राहिलेलं. वेदना का नाही? बारा वर्षांच्या शुगरनं नसा बोथट झाल्या होत्या. ‘स्टेमी’ (मामासारखा, रेघ उचललेला) आणि ‘एनस्टेमी’ ही नावं उपचाराची घाई किती ते सांगतात, नुकसान किती झालं ते एको सांगतो. हा फरक मला त्या दिवशी कळला आणि ‘माइल्ड’ शब्दाचा मनापासून राग आला. त्या शब्दापायी आदल्या संध्याकाळी अण्णा “मला घरी सोडा” म्हणून हटून बसले होते आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते.

एक दिलासा मात्र डॉक्टरांनी दिला. हे ३५ कायमचं धरू नका म्हणाले. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो; रक्त मिळालं की हळूहळू कामाला लागतो.

तिन्ही वाहिन्या आणि शुगर, म्हणून बायपास झाली. त्याबद्दल वेगळं लिहीन. तीन महिन्यांनी पुन्हा एको काढला. आईनं अण्णांच्या शुगरच्या वहीत ३५ च्या खाली नवा आकडा लिहिला, ४४, आणि लाल पेनानं त्याखाली रेघ ओढली.